पान सत्त्याऐंशी

दाखलांक एकोणीस हजार चारशे सहा.
सायलस उबाळे यांचं आत्मचरित्र.
शरणपूरच्या चर्चमधल्या पेटीपासून
परदेशी जहाजांवरच्या इलेक्ट्रिक गिटारपर्यंत
आणि मग परत, हात थरथरत.
मी खाकी कव्हर घातलं, मागे खिसा चिकटवला
आणि जेल रोडच्या आमच्या वाचनालयात
हे कुणी नेणार नाही असं धरून चालले.

पहिल्या महिन्यात नऊ जणांनी नेलं.

बोराडे, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त,
पुस्तक टेबलावर ठेवत म्हणाले:
माणूस खरं बोलतो, बाई,
पण खऱ्यालाही जरा मार्जिन लागतं.
ह्यानं कागदाच्या कडेपर्यंत छापलंय.

शौचेबाईंनी दारूची प्रकरणं दोनदा वाचली.
बायकोचं नाव चोवीस वेळा येतं, म्हणाल्या, मी मोजलं.
तिला एकच वाक्य बोलू दिलंय.
"दूध संपलंय."

अल्ताफ पिंजारी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो,
त्याला सीझन संपल्यावरच वाचायला वेळ.
कुणाकुणाचे पैसे बुडवले ते साहेबांनी
नावानिशी लिहिलंय, झकास, तो म्हणाला,
पण परत दिले का, ते कुठल्या पानावर आहे?

एकशे तेराव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं:
खोटं. त्या दिवशी मी तिथे होतो.
खाली निळ्या शाईत दुसरं अक्षर:
मग तुम्ही लिहा की.

आणि मग मधलं एक पान गेलं.

शहाऐंशी संपतं: "त्या रात्री मी माझ्या भावाला"
एकोणनव्वद सुरू होतं: "म्हणून सहा वर्षं मी नाशिकला आलो नाही."

तेव्हापासून पुस्तकाला नंबर लागले.
जे होतं त्याच्यावर लोक दोन वाक्यं बोलत,
जे नव्हतं त्याच्यावर अर्धा तास.
मारलं असणार. लुबाडलं असणार.
बाईचं प्रकरण, दुसरं काय.
भावानंच येऊन फाडलं, शौचेबाई म्हणाल्या,
आणि बरं केलं.

कार्डावर त्या आधीचं नाव होतं
प्रणीत निकुंभ, बारावी, सिडको.
रविवारी दंडाचं पावतीपुस्तक घेऊन मी गेले.

पलंगावर पाच तारांची गिटार,
आणि वर भिंतीवर, फेव्हिकॉलनं,
कोपरे अंगठ्यानं दाबून दाबून बसवलेलं
पान अठ्ठ्याऐंशी.
त्यावर हाताचं एक चित्र, बोटांना आकडे,
आणि खाली: माझा भाऊ तार अशी लावायचा,
चर्चची घंटा थांबल्यावर
जो सूर हवेत उरतो, तो धरून.

झेरॉक्स काढणार होतो मॅडम, प्रणीत म्हणाला,
पण त्या दिवशी लाइट नव्हती.

आणि मागच्या बाजूला काय होतं रे?

तो आठवत राहिला. खरंच आठवत राहिला.
मागे नुसता मजकूर होता, म्हणाला.

मी एका कोपऱ्याला नख लावलं.
कागद नाही, चुना आला.

म्हणजे उबाळ्यांनी सत्तर वर्षांनी
धीर करून जे सांगितलं
ते आता सिडकोतल्या एका भिंतीला सांगून झालंय,
तोंड तिकडे करून.
आणि इकडे हा पोरगा, बेसूर,
रोज संध्याकाळी
त्या भावाकडून शिकतोय.

त्याच्या आईनं चाळीस रुपये दंड दिला,
वर द्राक्षांचा एक घड, कॅरीबॅगमधून.
पावती फाडली. गिटारची सहावी तार
कुठे मिळते ते मला माहीत नव्हतं,
तरी मेन रोडला बघ म्हटलं.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
पाने ८७-८८, प्रणीत निकुंभ यांच्याकडे.
परतीची तारीख लिहिली नाही.

शौचेबाई अजून विचारतात, पान सापडलं का.
मी सांगते, बाइंडिंगला गेलंय.