संकीर्ण

बॅलार्ड इस्टेटला, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलावर एक दगड आहे.
कोरमेट्टाच्या डोंगरातला, एकसष्ट टक्के लोह,
कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला.
उचलला की तळहात तांबूस होतो,
मग दिवसभर ज्या फायलीला हात लावीन तिला तो लागतो.
डोंगर मी पाहिलेला नाही.
एकोणतीस वर्षं त्याचे हिशेब लिहितोय.

पूर्वी बरं होतं, साहेब म्हणतात.
एकच दार होतं, तिथंच जोडे काढायचे.
आता खाणपट्टा एकाचा, जंगल दुसऱ्याचं,
वाहतूक परवाना तिसऱ्याच्या मेहुण्याचा,
वजनकाट्यावर बसलेला पोरगा कुणाचा ते विचारायचं नाही,
आणि सगळ्यांच्या वर, म्हणजे सगळ्यांच्या खाली,
ग्रामसभा.
"चाळीस उंबऱ्यांना विचारून
मी चारशे कोटी गुंतवायचे?"
साहेब खिडकीबाहेर बघतात,
जिथे गोदीची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे
समुद्र असावा.

विचारलं आम्ही. माणूस पाठवला.
सरपंचाला बोअरवेल,
सभापतीला पांढरी गाडी, गाडीला डिझेल,
जत्रेला मांडव,
तालुक्याच्या वार्ताहराच्या मुलीला लग्नात आहेर.
पावती कुणी देत नाही.
अशा खर्चाला आमच्याकडे एक जुना शब्द आहे,
आजोबांच्या कोटासारखा, नुसते खिसेच खिसे:
संकीर्ण.

यंदाची वार्षिक सभा चर्चगेटला झाली.
खोक्यात सँडविच, वेफर्स, एक पेढा.
पहिल्या रांगेत नेहमीच्या फ्रेनी दुबाश,
नवऱ्यानं अठ्ठ्याहत्तर साली घेतलेले दोनशे शेअर
आणि तोच प्रश्न, "डिविडंड कधी, डिकरा?"
साहेब म्हणाले, स्थानिक अडचणी.
बाईंनी वहीत लिहून घेतलं, स्थानिक,
आणि पेढा रुमालात बांधला.

मग मागून एक हात वर.
रैनू वड्डे. शेअर: एक.
दोनशे सात रुपयांना घेतलेला, नोंद मीच तपासली होती.
दोन रात्रींचा प्रवास करून आलेला,
नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.
ओरडला नाही.
अहवालाचं पान एक्क्याण्णव उघडून म्हणाला,
"हे संकीर्ण, तीन कोटी अकरा लाख,
यात माझा बाप कितीचा आहे?
ठरावावर त्याचा अंगठा आहे.
तो अंगठा उमटला
त्याच्या चौदा महिने आधी आम्ही त्याला पुरलाय."

थांबला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं,
"सभापती आमचाच आहे. माझ्या आत्याचा मुलगा.
दार आमचं झालं तेव्हा आम्ही रात्रभर ढोल वाजवले.
किल्ली त्याच्याकडे दिली.
तेही लिहून घ्या."

माईक बंद पडला. पडतो कधी कधी.
ठराव क्रमांक चार बहुमतानं मंजूर.
खोकी उरली होती, मी त्याला एक नेऊन दिलं.
त्यानं घेतलं, माझा हात बघितला,
तळव्यावरची तांबूस रेघ,
आणि विचारलं, "तुम्ही कधी आला होता तिकडं?"

मी नाही म्हणालो.
ते खरंच होतं.
कुरिअरनं यादी आली तेव्हा नऊ अंगठे कमी होते.
शनिवार होता, मुदत सोमवारची,
ऑफिसात मी आणि शिपाई पेडामकर.
शाईची डबी जुनी, झाकण निघता निघेना.
पाच त्याचे, चार माझे,
दोन्ही हातांचे, जरा तिरके,
म्हणजे वेगवेगळ्या माणसांचे वाटतात.

भाव आज एकशे ब्याण्णव आहे.
दर शुक्रवारी भागधारकांची यादी येते
आणि मी आधी शेवटचं पान उघडतो.
त्यानं अजून विकलेला नाही.