नऊ तासांची झोप

नऊ तास झोपते मी.
मोजलेत.
दहाला दिवा, सातला कुकर,
मधे एकदाही डोळा उघडत नाही.
तरी सकाळी उठते ती
रात्रभर कुणाचं तरी बिऱ्हाड
इतवारीहून महालात वाहिल्यासारखी.

मे महिन्यात नागपुरात
थकवा ही तक्रार नसते, हवामान असतं.
"ऊन लागलं असन," नवरा म्हणतो
कुलरमधे बादली ओतता ओतता.
शेजारच्या पंचफुलाबाई म्हणतात,
"पर्समधे कांदा ठेव, बाप्पा."
ठेवला.
लॅबमधे आठवडाभर
सगळे एकमेकांचे डबे हुंगत होते.

धंतोलीत रक्त काढते मी. बावीस वर्षं.
शीर सापडत नाही तेव्हा मलाच हाक मारतात.
लोकांचा थकवा मला झाकणांच्या रंगात दिसतो:
जांभळ्यात हिमोग्लोबिन,
पिवळ्यात थायरॉइड,
करड्यात साखर.
बुधवारी गर्दी ओसरल्यावर
स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला,
एक टोक दातांत धरून.
लेबलवर लिहिलं:
वैजयंता मेश्राम, ४६, स्त्री.
"उपाशी आहात ना?"
सवयीनं विचारलं.
उत्तरही दिलं.

थायरॉइड बरा. लोह काठावर.
बी-ट्वेल्व्ह इतकं कमी
की डॉक्टर उमाठ्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला.
आणि ड जीवनसत्त्व: नऊ.
नऊ!
ज्या गावात डांबर चपलेसोबत घरापर्यंत येतं
त्या गावात मला ऊन कमी पडलं.
स्कूटीवर निघताना अवतार बघा माझा,
डोळे सोडून सगळं गुंडाळलेलं,
हातमोजे कोपराच्या वर.
ऊन बिचारं शिरणार कुठून.

"झोप?"
"झोप चांगली आहे."
"घोरता का?"
नवरा सोबत होता. म्हणाला,
"घोरत नाही. झोपेत 'आली, आली' म्हणत राहते."

मला ठाऊक नव्हतं.

आई तीन वर्षं मागच्या खोलीत होती.
वाचा गेलेली, उजवी बाजू गेलेली,
डाव्या हातात स्टीलचा चमचा.
पलंगाच्या दांडीवर दोनदा: पाणी.
तीनदा: कूस.
एकदाच, हळू: काही नाही,
मी आहे का ते बघत होती.
मारबतीच्या दिवशी गेली,
रस्त्यावर ढोल वाजत असताना.
पलंग भंगारवाल्यानं नेला, किलोवर.
चमचा कुठल्या तरी डब्यात असेल, मिठाच्या बहुतेक.

डोळे झोपतात माझे. पाय झोपतात.
एक कान अजून ड्युटीवर आहे,
त्याला कुणी कळवलंच नाही.
त्याचं रक्त कुठल्या झाकणाच्या नळीत घ्यायचं
हे बावीस वर्षांत मला कुणी शिकवलं नाही.

सध्या एक दिवसाआड सुई.
रविवारी दुधातून पुडी.
सकाळी गच्चीवर हात उघडे टाकून बसते.
पंचफुलाबाई खालून ओरडतात,
"पापड वाळू घालून राहिली का स्वतःचे?"
थोडं बरं आहे.
लॅबचा जिना आता मधे न थांबता चढते,
वर पोचल्यावर मात्र कठड्याला धरून
पाटी वाचल्यासारखं करते.

काल रात्री कुलरचा पंप बिघडला.
पत्र्यावर थेंब पडला,
ठण्.
ठण्.
मी उठले.
दिवा न लावता माठातलं पाणी घेतलं
आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.
तिथे आता शिलाई मशीन असते.
बराच वेळ उभी होते.
मग पाणी मीच प्याले,
अर्धं,
उरलेलं मशीनवर ठेवलं झाकून.
किती वाजले ते बघितलं नाही.