बाहेरून मोजलेले गुण

निगम सरांनी मला हॉलबाहेर काढलं
तेव्हा आवाजही चढवला नाही.
"भिया, अब आप बाहर बैठो," म्हणाले,
आणि दाराला आतून कडी घातली,
रात्री घरी घालतात तशी, सवयीनं.

कारण तसं किरकोळ.
शाल्मली सर्व्हिस करत होती
आणि मी कठड्यावर वाकून म्हणालो, "मनगट!"
मग पुन्हा म्हणालो.
मग पंचांना काहीतरी म्हणालो.
पंच म्हणजे अकरावीतली एक मुलगी.
तिच्या हातातला आकड्यांचा पुठ्ठा थरथरला,
ते मी पाहिलं होतं.

आता रेसकोर्स रोडकडच्या भिंतीला टेकून उभा आहे.
खिडक्यांना आतून हिरवा रंग फासलाय,
टेबलावर ऊन पडू नये म्हणून.
एका काचेवरचा पोपडा निघालाय,
त्यातून फक्त पंखा दिसतो,
तोही बंद. वाऱ्यानं बॉल हलतो.

उरला आवाज.
बॅटवरचा कोरडा, टेबलावरचा जरा पोकळ.
पाच वर्षं पहाटे साडेपाचला
स्कूटरवरून हिला आणतोय,
वहीत लाल शाईनं लिहितोय:
नेटमध्ये किती, टेबलाबाहेर किती.
तिच्या दहाव्या वाढदिवशीही लिहिलं,
सोळा चुका,
आणि खाली, जागा उरली म्हणून, अनेक आशीर्वाद.

लोकांना वाटतं बापाचं काहीतरी राहून गेलेलं असतं.
माझं काही राहिलेलं नाही.
मी आयुष्यात बॅट धरली नाही.
मला मोजायला आवडतं, एवढंच;
वीज मंडळात दिवसभर मी तेच करतो.

तर कानांनीही जमेल म्हटलं.
चार टप्पे आणि शांतता: चूक, हिची.
सात टप्पे आणि टाळ्या:
त्या बडजात्यांच्या पोरीच्या आईच्या,
बांगड्यांसकट ओळखतो मी.
अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला.
पाच-आठ.
पाच-नऊ.
पोह्यांच्या गाडीवरच्या माणसानं झारा थांबवून विचारलं,
"साब, अंदर कोई भर्ती है क्या?"

तेवढ्यात एक आवाज आला
जो वहीत कधीच लिहिला नव्हता.
पणतीवर पाय पडावा तसा.
आणि त्यानंतर काही नाही.
बराच वेळ काही नाही.

मी दाराशी गेलो. फळीवर तळहात टेकवला.
ठोठावलं नाही.
हे कुणी पाहिलं नाही, म्हणून सांगतोय.

ती बाहेर आली ती एक बूट हातात घेऊन.
"बाबा, बॉल फुटला!
मी मारला, आणि तो टेबलावर बसलाच,
उठलाच नाही,
आणि ती समोरची हसायला लागली, मग मी,
आणि पंचताईला दुसरा बॉल सापडेना,
ती खुर्चीखाली वाकून शोधत होती
आणि सर पण, बाबा, सर पण हसले!"

माझा अंगठा अजून पेरावर, पाच-नऊवर.
"मग?" मी म्हणालो.

तिनं बूट घातला. नाडी बांधली.
"अकरा-नऊ," म्हणाली,
आणि पोह्यांवर जास्तीची शेव मागितली.

कुणाचे अकरा, ते तिनं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
पोहे संपेपर्यंत नाही, स्कूटर सुरू करताना नाही,
पलासियापर्यंत नाही.
पलासियाच्या सिग्नलवर लाल आकडे उलटे पळत होते,
अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस.
तीन उरले तेव्हा विचारलं.

मागून माझ्या हेल्मेटवर तिचं हेल्मेट आपटलं,
टक.
झोपली होती,
किंवा झोपल्यासारखं करत होती.
आवाजावरून कळेना.