सतरा फ्रेमा

आरतीला मी टाळी वाजवत नाही.
सुनेला वाटतं, सांधे.
वाटू दे.

एरंडवण्यात, आता आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे तिथे,
पत्र्याचा स्टुडिओ होता.
मी निगेटिव्ह कापायची.
पांढरे हातमोजे, उलटा उजेड,
नटांचे काळे दात, पांढरी बुबुळं.
माणसं सुलटी बघायला मला
घरी गेल्यावर जरा वेळ लागायचा.

चित्रात राजकन्या होती म्हणून जंगल,
जंगल होतं म्हणून बिबट्या.
तासगावच्या सर्कशीतून दस्तगीरमामांनी मादी आणली,
तिचं नाव हौसा.
हिशेबाची वही मी स्वतः वाचली आहे:
बिबट्या, रोज पंचाहत्तर, मटण वेगळं.
पाटीवाला पोऱ्या, रोज तीन.
विमा फक्त पहिल्या ओळीचा.

ओठ शिवायचे ठरले.
कातडीच्या रंगाचा, मेण लावलेला दोरा,
कॅमेऱ्याला दिसणार नाही असा.
मामा म्हणाले, "साहेब, तोंड शिवलं
की जनावर पंज्यानं बोलतं."
आणि म्हणाले, "दिव्यांना ती भीत नाही.
आवाज तेवढा नको. लाकडावर लाकूड नको."
साहेबांनी मान हलवली,
चहा आणू का विचारल्यावर हलवायचे तशीच.

विनायक रासणे, भवानी पेठेतला, एकोणीस वर्षांचा.
त्या दिवशी पायजम्याला इस्त्री करून आला होता.
पाटी धरताना आपणही दिसू,
निदान कोपरापर्यंत,
असं त्यानं आईला सांगितलं होतं.

टेक एक.
टेक दोन.
टेक तीनला वीज गेली.
टेक चारला त्यानं पाटी पुढे केली
आणि टाळी दिली.

मी आत होते, माझ्या खोलीत.
ओरडा ऐकला, पण स्टुडिओत ओरडा रोजचाच.
मग डेक्कनच्या चौकीतून बंदूक आली.
ती एकदाच वाजली.

संध्याकाळी दस्तगीरमामा दारात.
"बाई, तुमची कात्री द्या जरा."
हौसाचं डोकं मांडीवर घेऊन
त्यांनी एकेक टाका उसवला,
सणाच्या झंपरची शिवण उसवावी तसा, कापड न दुखवता.
कात्री धोतराला पुसून परत केली.

दुसऱ्या दिवशी त्याच कात्रीनं.
"टाळी काप," साहेब म्हणाले,
"ती तर नेहमीच कापतो आपण.
उडी ठेव. पोरगा दिसतो तिथून काढ."
मी मोजल्या. सतरा.
एका सेकंदालाही सात कमी.
अठराव्या फ्रेमपासून कॅमेरा आडवा,
नुसतं छत, छतावर एक पाल.

सिनेमा अकरा आठवडे चालला.
हौसा उडी घ्यायची,
राजकन्या किंचाळायची,
थिएटर टाळ्या वाजवायचं.

विनायकनं पुढे गंज पेठेत सायकलचं दुकान टाकलं.
जबड्याच्या एकाच बाजूनं बोलायचा.
माझं पंक्चर काढताना, मी विचारलं नसताना, म्हणाला,
"ती माझ्यावर आलीच नव्हती बाई.
आवाजावर आली होती. मी मधे होतो."
आणि दहा पैसे घेतले.

त्या सतरा फ्रेमा माझ्याकडे आहेत,
बिस्किटांच्या डब्यात.
उघडला की आंबूस वास येतो,
फिल्म आक्रसते म्हणे वय झालं की.
वाईट चित्रं आधी आक्रसतात असं काही नाही.

परवा नातू मोबाईल घेऊन आला.
"आजी, बघ, कात्रजला बिबट्या शिरला!"
कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला,
खाली शंभर हात, शंभर मोबाईल.
मी आधी ओठ बघितले.
दोरा नव्हता.

तेवढ्यात, त्यानं इकडे बघावं म्हणून
गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली.

कान वळले.

मी मोजायला लागले.