वाजवी

कोगनोळी नाक्यावर माझ्या हातात शिक्का दिला.
लाकडी मुठीचा, शाळेच्या शिक्क्याहून जरा जड.
आणि शाईची बाटली. तीच, मतदानाची,
जिच्याबद्दल मी वर्गात एक अख्खा तास बोलतो.
या खेपेला बोट नको होतं,
पंजाची पाठ हवी होती.

मी निपाणीकडच्या मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो.
पान बेचाळीस: देशात कुठंही फिरण्याचा हक्क.
त्याच पानावर खाली, बारीक टायपात:
वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून.
मागं एकदा महादेव चिखलव्हाळेनं विचारलं होतं,
"वाजवी म्हणजे किती, सर?
बाजारात म्हणतात तसं?"
पोरं हसली. मीही हसलो. घंटा झाली.

नाक्यावर घंटा होत नसे.
हवालदार बसनगौडा प्रत्येक काचेशी वाकून विचारायचा,
"यल्ली होंटीरी?"
मग मी मराठीत तेच.
नकाराला मात्र दुभाष्या लागत नव्हता.
मधल्या पाणंदीत जेसीबीनं चर मारलेला.
कुणाचं घर पलीकडं, मळा अलीकडं.
म्हैस तेवढी रोज संध्याकाळी चर उतरून, चर चढून
आपल्या दावणीला जायची.
तिला पास कुणी मागितला नाही.

हसीना मुल्ला विड्या वळते.
तंबाखूनं पिवळी झालेली बोटं तिनं जोडली नाहीत,
फक्त पुढं धरली, शिक्क्यासाठी.
मुरगूडला आई गेली होती. मय्यत जोहरनंतर.
पास बेळगावातून यायचा होता, मोबाइलवर,
आणि तो गोल गोल फिरत होता.
मी म्हटलं, नियम आहे.
ती टोलच्या लिंबाखाली बसून राहिली.
अडीचला तिनं मला वेळ विचारली.
सांगितली.
मग ती उठली आणि आल्या वाटेनं चालू लागली.

आणि बाळगोंडा.
इचलकरंजीहून येत होता, लेक मागं बसलेला.
घसा कोरडा पडलाय म्हणाला, मागाच्या धुळीनं.
ओळखीचा माणूस. मी शिक्का उचललाच नाही.
अठरा दिवसांनी आमच्या गल्लीला वासे आडवे बांधले.
तिघं गेली.
एक तायव्वा, शाळेत भात वाढायची ती,
डाव भरून झाल्यावर वर आणखी चिमूटभर टाकणारी.
त्याच्यामुळंच, असं कुणी सिद्ध केलं नाही.
मीही करणार नाही.
पण त्याच्या घरावर जेव्हा कानडीतली नोटीस लागली,
आणि नावं, वयं, फोन नंबरांची यादी
दुपारपर्यंत तालुकाभर फिरली,
आणि गवळ्यानं त्यांच्या दारी थांबायचं सोडलं,
तेव्हा मला बरं वाटलं होतं.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आदेशावर कायद्याचं साल छापलं होतं: १८९७.
पलेगाचं.
आमच्याकडं एका माळाला अजून झोपड्यांचा माळ म्हणतात.
तेव्हा गाव आपण होऊन उठलं की उठवलं?
चावडीजवळची घरं एक सांगतात,
वेशीबाहेरची दुसरं.

शाई तीन आठवडे जात नाही.
माझ्याच तळव्याला लागलेली
मी पातेलं घासायच्या राखेनं खरवडून काढली.

यंदा पान बेचाळीस पुन्हा आलं.
फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, वाजवी,
आणि म्हटलं, किती ते घरून लिहून आणा.
बहुतेकांनी गाईड उतरवलं.
बीबीजान म्हणून एक मुलगी आहे, विडीवाल्यांच्या गल्लीतली.
तिनं लिहिलं:
मातीला जायला तीन तास.
तोंड बांधून. पोलीस सोबत आला तरी चालेल.
मी बरोबरची खूण केली.
तिच्या खालची वही उघडली.
तिच्यात एकच शब्द होता, शाईनं, गिरवून गिरवून:
तायव्वा.

गुणांची चौकट
दोन्ही वह्यांत अजून कोरी आहे.