उगवलेलं खोकं

चाळीस वर्षं मी पार्नूच्या बंदरावर खोकी ठोकली.
पाइनच्या फळ्या, तीन इंची खिळे,
भट्टीत तापवून कीड मारल्याचा शिक्का,
आणि तळाला, कुणी बघणार नाही अशा जागी
पेन्सिलीनं माझं नाव, एन्डेल.

आता शेड लेम्बेनं घेतलीय.
ती आधी बेकरीत होती.
बेकरी बुडाली तेव्हा थकलेल्या पगारापोटी
तिनं पाव फुगवायचं कपाट उचलून आणलं
आणि त्यात आता ती खोकी वाढवते.

वाढवते.
हा शब्द दोन महिने माझ्या घशाखाली उतरला नाही.
जवसाच्या काड्यांचा ओला चुरा,
त्यात अळंबीचं विरजण,
साचा, झाकण, अंधार.
पाचव्या दिवशी वर जाड पांढरी साय.
"हात लावू नका," ती म्हणते, "अजून धरतंय."
मग भट्टीत घालून मारायचं.
तेवढं एक मला ओळखीचं.

काकडीच्या लोणच्याची बरणी आत ठेवून
तिनं ते माळ्यावरून खाली सोडलं.
बरणी शाबूत.
मी म्हटलं, लोणचं म्हणजे दीपगृहाचं भिंग नव्हे.

कारण भिंग जायचं होतं.
बेटावरच्या दीपगृहाचं, दुरुस्तीला, ब्रेस्टपर्यंत.
शहाऐंशी साली तेच भिंग मी भरलं होतं
लाकडाच्या कुरळ्यांत, फळ्यांच्या दुहेरी भिंतीत,
आणि तरी एक काच कोपऱ्यात उडाली.
कुणी मला बोललं नाही.
त्या कोपऱ्यापाशी उजेड अजून अडखळतो,
मच्छीमारांना ठाऊक आहे, मलाही.

"वर दुसरा माल चढवला तर?" मी विचारलं.
लेम्बे गप्प.
"पाऊस लागला तर?"
ती कपाटाचं दार उगाच उघडून मिटत राहिली.

त्या रात्री मी चौकट केली.
जुन्याच फळ्या, बिजागऱ्या, खिळा एकही नाही.
घडी घालून परत येईल अशी.
सकाळी तिनं ती मोजली, आणि माझ्याकडे न बघता
आतला साचा अर्धा इंच लहान केला.

एकदा हॅम्बुर्गहून कुणीतरी फोटो पाठवला होता,
माझ्या खोक्यात कोंबड्या.
तळ वर करून भिंतीला लावलेला,
नाव स्पष्ट, त्यावर एक पांढरी शिंतोडी.
मी तो फोटो पाकिटात ठेवलाय.
बाकीची हजारो कुठल्या अंगणात जळली
कोण जाणे.

"मागे काही उरत नाही, हेच तर याचं," लेम्बे म्हणाली.
मग माझं नाव?
हे मी मोठ्यानं विचारलं नव्हतं.
पण तिनं ओला साचा पुढे सरकवला.
पेन्सिल त्यात रुतत नाही.
सही येणाऱ्या माणसानं
एकाहत्तराव्या वर्षी अंगठा उठवला.

पाचव्या दिवशी झाकण काढलं.
सायीनं तो खड्डा निम्मा भरून टाकला होता,
जखम भरावी तसा. रेषा दोनच उरलेल्या.

एप्रिलमध्ये ब्रेस्टहून निरोप आला.
भिंग धड पोचलं. उडालेली काच नवी बसवतोय.
चौकट परत पाठवतोय, सुंदर आहे.
आतलं फोडून टोमॅटोखाली घातलं.

चौकट आली. बिजागरीत फ्रान्सची वाळू.
ती मी झटकली नाही.

टोमॅटो कसे लागले, हे विचारणारं पत्र
अजून लिहिलेलं नाही.
पाकिटावर पत्ता तेवढा घातलाय.