खालचा ओठ

तीन महिने मी नुसतं ऐकत होतो.
आई म्हणायची, हिनंच ग्रहण पाहिलं.
टर्की सुटली, ही तिच्यामागे अंगणात धावली,
परकराला सेफ्टी पिन लावायची विसरली,
आणि चंद्रानं पोराचा ओठ खाल्ला.

ओआहाकाच्या या डोंगरात सगळ्यांना ठाऊक आहे:
वर चंद्र कुरतडला जातो तेव्हा
पोटातलं बाळही कुरतडलं जातं.
मध्ये लोखंड लागतं. निदान एक पिन.

ओतिलिया उत्तर देत नव्हती.
पोराला छातीशी उभं धरून
मऊ बाटली दाबत राहायची, थेंब, थेंब,
आणि दूध नाकातून परत यायचं.
पुसायची. पुन्हा दाबायची.
दोन घोट दुधाला पाऊण तास.
मी पलीकडे ट्रम्पेटची कळ पुसत बसे,
पुसलेलीच.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर इफिहेनियांनी
कागदावर चौकोन काढले, गोल काढले.
चौकोन पुरुष, गोल बाई.
सगळ्यात खालचा चौकोन काळा केला: आमचा एलादियो.
घरात आणखी कुणाला?
कुणाला नाही, मी म्हणालो. ग्रहण होतं.
त्या हसल्या नाहीत, मानही हलवली नाही.
टॉर्च काढला. म्हणाल्या, जरा खालचा ओठ ओढा.

माझ्या खालच्या ओठावर दोन भोकं आहेत,
मधल्या रेषेच्या अलीकडे एक, पलीकडे एक,
टाचणीच्या डोक्याएवढी. जन्मापासूनची.
कायम थोडी ओलसर.
बँडचे मास्तर म्हणायचे,
नाबोर, तुझा ओठ गळतो रे,
आणि सगळे हसायचे, मीसुद्धा.
माउथपीस टेकवला की झाकली जायची.

एवढी मोठी पोथी, बाई म्हणाल्या,
नकलून घेताना कुठेतरी एक अक्षर चुकतं.
तीच चूक एकाच्या ओठावर नुसता ठिपका ठेवते
आणि दुसऱ्याची टाळू मधोमध उघडी.
कुणाला किती, ते आधी सांगता येत नाही.
पुढचं मूल झालं तर?
नाणं उडवा. दर खेपेला नवं.
दोष हा शब्द त्यांनी काढला नाही.
मीच तो शोधत होतो,
तिकीट हरवल्यासारखे खिसे चाचपत.

माझा चौकोन काळा झाला.
पेन्सिल वर सरकली.
आणि तुमची आई?

आई हसताना शाल तोंडावर घेते.
लग्नाच्या फोटोत घेतलीय.
बापाला पुरताना घेतली होती, तेव्हा तर कुणी हसत नव्हतं.
गोलावर पेन्सिल थांबलेली.
माहीत नाही, मी म्हणालो.
माहीत होतं.
मांडीवर असताना त्याच खळग्यांत
मी बोट घालत असणार.

ओतिलिया बाहेर व्हरांड्यात बाळाला पाजत होती.
तिला तिथं सांगवलं नाही.
बसमध्येही नाही; घाटात तिला मळमळतं.
रात्री सांगितलं, दिवा मालवल्यावर.
तिनं मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर धरला,
खूप वेळ,
मग करंगळीचं टोक एका भोकावर टेकवलं.
म्हणजे चंद्राला उगाच शिव्या दिल्या मी.
एवढंच बोलली.
परकरातून पिन काढली.
बाळंत झाल्यावरही ती लावून हिंडत होती,
रोज, तीन महिने,
उशिरा का होईना म्हणून.
पिन बटणांच्या डब्यात पडल्याचा आवाज आला.
नंतर ती माझ्याकडे पाठ करून झोपली.
झोपली नव्हती.

मंगळवारी ऑपरेशन आहे. ओठाचं आधी,
टाळूचं वर्षाचा झाल्यावर.
त्याच दिवशी गावचा उत्सव;
ट्रम्पेट दुसरं कुणी वाजवेल.

आज पहाटे चुलीपाशी आई होती,
बाळ तिच्या हातात, उभं धरलेलं,
कुणी शिकवलं नव्हतं तरी बरोबर धरलेलं.
दोन्ही हात गुंतलेले,
शाल खांद्यावरून घसरलेली.
तिला कुणी काही सांगितलं की नाही
मी विचारलं नाही.
बाटली दाबताना ती काहीतरी पुटपुटत होती,
आणि एलादियो दूध विसरून
तिचं तोंड बघत होता.